लोहार चाळ, तीन वाजून बारा

रस्त्याखाली केबल जळाली.

पूर्वी मी टॉर्च घेऊन धावायचो,
एकेक पेटी उघडत, वास घेत,
आणि मागे अख्खी गल्ली :
"तांडेलभाऊ, कधी येणार?"
लाइट आली की मेघजीशेठ
कटिंग पाठवायचा, मलईसकट.

आज स्विचनं आपणच वाट बदलली.
दुकानातल्या झुंबरांनी डोळा मिटला,
पंखे थांबायच्या आत उघडलासुद्धा.
शेठ गिऱ्हाइकाला म्हणाला,
"काही नाही, व्होल्टेज."

कंट्रोल रूममधली पोरगी फोनवर सांगते,
दोन पेट्यांच्या मधे आहे, बघा.
मधे म्हणजे नव्वद मीटर डांबर,
त्याखाली पाण्याची लाइन, कुणाची तरी गटारं.

संध्याकाळपर्यंत पहार चालली.
हातगाड्यांनी शिव्या दिल्या
खड्ड्याला.

चहा माझ्याच पैशांनी प्यालो.
साखर जरा जास्तच होती.