निव्वळ वजन

तुळजापूर रोडच्या कचरा डेपोला फाटक एकच.
आत जाणारं काट्यावरून जातं,
बाहेर येणारंही.
भरलेलं उणे रिकामं,
खाली निव्वळ.
अकरा वर्षं मी एवढीच वजाबाकी केली.

कचरा मला आकड्यावरून कळतो.
गड्ड्याची जत्रा उठली की उसाची चिपाडं,
गाडी फुगलेली, पण हलकी.
पूर्व भागातून तेंदूच्या पानांची कातरण, सुताचे गुंते.
मंगल कार्यालयाची गाडी ओली, जड,
तिच्यामागे कुत्री थेट केबिनपर्यंत.

रेवण म्हेत्रे डोझरच्या मागे उभा राहायचा.
रिव्हर्सचा हॉर्न शिमग्यापासून मुका,
म्हणून रेवण हाच हॉर्न.
"येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस्स!"
काचेतून ऐकू यायचं मला.
डबा माझ्या टेबलाखाली ठेवायचा,
कडक भाकरी, शेंगाचटणी.
म्हणायचा, अण्णा, माझ्या भाकरीला तरी एसी.

रोजच्या तपासणीच्या रकान्यात
मी लिहायचो : हॉर्न चालू.
वाटपाच्या वहीत त्याच्या नावापुढे
एक हेल्मेट, एक बूटजोड, एक चमकणारं जाकीट,
आणि सही.
'व'ला शेपूट द्यायची त्याची सवय मी नीट उचलली होती.
खोकी ठेकेदाराच्या ऑफिसात, पट्ट्याही न कापलेली.
सुपरवायझर म्हणाले होते, ऑडिट उद्यावर आलंय.
मी पेनाचं टोपण काढलं.
मला कुणी धमकावलं वगैरे नाही.

मे महिना. ढीग आतून धुमसत होता,
पलीकडचा माणूस दिसेना इतका धूर.
अकरा चाळीसला
येऊ दे, येऊ दे, येऊ दे

मी "बस्स"ची वाट पाहत राहिलो.
किती वेळ, ते कुठल्याच पावतीवर नाही.

अँब्युलन्सही काट्यावरूनच आत गेली,
दुसरी वाटच नाही.
काय मोजायचं नाही
हे काट्याला कुणी शिकवलेलं नसतं.
आत जाताना दोन हजार आठशे चाळीस.
बाहेर येताना दोन हजार नऊशे.
ड्रायव्हर तोच, सोबतचा पोरगा तोच.
प्रिंटरनं आपली आपण पावती काढली.
निव्वळ : साठ.

चौकशीला ठेकेदाराचं लेखी म्हणणं आलं.
सदर इसम आमच्या हजेरीपटावर नाही.
सदर इसम घटनेसमयी आवारात नव्हता.
रस्त्यावर कुठल्याशा वाहनाची धडक बसली असावी.
हजेरीपट जोडला होता,
महिनाभराच्या सह्या, सगळ्या एकाच निळ्या शाईत,
एकाही पानाला बोटाचा डाग नाही.
डेपोवरचा कागद इतका स्वच्छ
मी कधी पाहिला नव्हता.

बाहेर बाकावर सुगला बसलेली, रेवणची बायको.
कुणाची चूक, हे तिनं विचारलं नाही.
विचारलं, डबा कुठाय त्याचा?
डबा तिथंच होता, टेबलाखाली.
चार दिवस मी पाय आखडून बसत होतो.

आत बोलावलं तेव्हा मी पावती ठेवली.
उन्हात अक्षरं उडतात या कागदावरची,
म्हणून गाडीच्या आरसीत घडी करून ठेवलेली.
साहेबांनी चष्मा वर केला. "साठ काय?"
म्हटलं, काटा दहा किलोच्या खालचं धरत नाही.
दोनचार किलो इकडेतिकडे असेल माणूस.
पण आत होता.

पंखा फिरत होता. स्टेनो थांबला.
"अजून काही?"
इथंच उठता आलं असतं मला.
सुपरवायझर दाराशी उभे,
माझ्याकडे बघून मान हलवत, पुरे, अशी.

मी वाटपाची वही पुढे सरकवली.
ही सही त्याची नाही, म्हटलं.
माझी आहे. हॉर्नचं लिहिलेलंही मीच.
साहेब म्हणाले, पूर्ण नाव सांगा, गावासकट.
मल्लिनाथ शिवप्पा बिराजदार, मुक्काम बोरामणी.
ते लिहू लागले, पेन उठेना.
दोनदा झटकलं.
मी खिशातलं माझं पेन काढून दिलं.