डिग्री

शंभर फुटी रस्त्यावर, टायरच्या दुकानाला लागून
त्रिशलाचं हॉटेल.
पाटीवर नुसतं एक हिरवं पान,
कशाचं ते कळत नाही.

मी वसगड्याच्या दूध संस्थेत एकतीस वर्षं सचिव.
पहाटे चारला कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडायचा,
डिग्री वाचायची, वहीत मांडायची.
पाणी घातलेलं दूध मला वासावर कळायचं,
घालणाऱ्याच्या तोंडावरही.
त्याच पगारावर पोरगी पुण्यात शिकली.
आता तिची डिग्री काउंटरमागं, काचेच्या चौकटीत,
आणि हॉटेलात दुधाचा थेंब नाही.

मेनूकार्ड धरून बसलो, चष्मा वरखाली करत.
ग्लूटेन-फ्री म्हणजे शाळूची भाकरी. एकशे चाळीस रुपये!
हिची आई चुलीपुढं बसून ढीगभर थापायची
आणि आम्ही गव्हाच्या चपातीसाठी सणाची वाट बघायचो.
पॅलिओ काय गं?
"शेती सुरू व्हायच्या आधी माणूस खायचा ते, अण्णा."
म्हणजे सोसायटीच्या आधीचं.
ऑडिटच्याही आधीचं.
बरं असणार.

तिनं उंच ग्लासात शेंगदाण्याचं दूध आणून ठेवलं.
मी खिशातनं रुमाल काढला,
रुमालातनं लॅक्टोमीटर.
शेजारच्या टेबलावरची पोरं मोबाईल सोडून बघायला लागली.
सोडला.
बुडाला.
तळाला टेकून वाकडा उभा राहिला.
"नापास," मी म्हणालो.
ती हसली, मीही हसलो,
मग तिनं तो बाहेर काढून अ‍ॅप्रनला पुसला,
काच फुटू नये म्हणून दोन बोटांत धरून,
तसाच, जसा सात वर्षांची असताना पुसायची.

सात वर्षांची असताना.

त्या साली म्हशीचं रेडकू तिसऱ्या दिवशी गेलं
आणि म्हैस पान्हा सोडेना.
मी कातडं भरून आणलं.
आत भुसा, पायांना तुरीच्या काठ्या,
डोळ्यांच्या जागी टाके.
दावणीपुढं उभं केलं.
म्हैस चाटत राहिली, चाटत राहिली,
आणि चरवीत धार वाजायला लागली.
बॅटरी धरून त्रिशला उभी होती.
हात हलला नाही तिचा.

त्या रात्री तिनं दूध घेतलं नाही.
पोट बिघडलं असंल, आम्ही म्हणालो.
दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो.
पुढं म्हणायचंच सोडलं.
घरात पर्युषणाला मुंगी चिरडू नये म्हणून
झाडू जपून फिरवायचा,
आणि गोठ्यात ते टाके घातलेलं
पावसाळाभर उभं.

हॉटेलात आता गर्दी वाढली होती.
कुणीतरी नाचणीचा केक मागत होतं.
ती माझ्या ग्लासाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

मी ग्लास उचलला.
एका दमात नाही,
थांबून थांबून संपवला.
गूळ जरा कमी आहे, एवढंच बोललो.

तिनं कानामागचं पेन काढलं
आणि ऑर्डरच्या वहीत
लिहून घेतलं.