हार्लन टटल, दोन्ही बाजूंनी

तू चांगला होतास तेव्हा, हार्लन,
माझे दोन दात गेले.
डोथनच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, मंगळवारी.
पांढरी चड्डी, सोनेरी केस,
दोरावरून उसळून तू जी लाथ घातलीस
ती खरीच बसली.
तुझं लक्ष पहिल्या रांगेतल्या टाळ्यांकडे.
मी वाईट होतो.
वाईटाचे दात कोण मोजतो?

मग तुझे केस गेले, पोट सुटलं.
मालक म्हणाला, आता बाजू बदला दोघांनी.
शनिवारी, टीव्हीसमोर,
तू लोखंडी खुर्ची उचलून माझ्या पाठीत घातलीस.
निम्म्या अलाबामाने तो आवाज ऐकला.
मला फक्त वारा लागला.

त्यानंतर तीन वर्षं तू मला
तळहाताच्या फोडासारखा जपलास.
उचलून आपटायचास,
पण माझ्याआधी तुझीच मांडी जमिनीला टेकायची.
गळा आवळताना कानाशी विचारायचास,
"गुडघा कसा आहे, व्हर्ल?"
आणि बाहेर दोन हजार माणसं
तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायची.

ऑडेल प्रुइटबाई,
रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवणारी,
हिने टोपीची पिन तुझ्या मांडीत इंचभर खुपसली.
तू वळून तिच्यावर दात विचकलेस फक्त.
आठवडाभर पुरलं असेल तिला.
गाडीची चारही टायरं फाडली कुणी.
तुझ्या मुलीशेजारी शाळेत कुणी डबा खाईना.
हे तू नाही सांगितलंस,
लॉरीनने सांगितलं, फार उशिरा.

आपण एकत्र दिसायचं नाही, असा नियम.
म्हणून युफॉलाच्या पुढे,
बंद पेट्रोल पंपामागे दिवे विझवलेल्या दोन गाड्या,
बॉनेटवर वर्तमानपत्रात तळलेला मासा.
अंधारात चाचपून काटे काढायचास,
माझा वाटा माझ्याकडे सरकवायचास.
एकदाच विचारलं मी, कुठलं काम बरं?
बराच वेळ चघळत राहिलास.
"चांगला होतो तेव्हा," म्हणालास,
"तू कुठे पडलास ते बघायची
कधी गरजच पडली नाही."
मग बोटं पुसलीस, आणि
मालकाने कापलेल्या पैशांवर घसरलास.

काल बियाण्यांच्या दुकानात
एका म्हाताऱ्याने मला ओळखलं.
टटल मेला म्हणे, बरं झालं,
काय सैतान होता!
हो, म्हणालो, नंबरी हरामखोर.
आणि जिभेने
ती दोन दातांची जागा चाचपली.