काना

शेफील्डमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
सुऱ्या-काट्यांच्या जुन्या कारखान्यात आमचं ऑफिस,
हीटर ठोकल्याशिवाय चालत नाही.
चाडच्या सीमेवरच्या छावणीतली मुलं मी इथून मोजते,
म्हणजे ओळी. चौदा हजार दोनशे सहा.

आई तीच, तंबू तोच, जन्मतारीख तीच,
नाव तोम, दंडाचा घेर एकशे बारा मिलिमीटर.
खालच्या ओळीत पुन्हा तेच,
काना-मात्रेचाही फरक नाही.
प्रोग्रॅमने एक ओळ उडवली.
प्रोग्रॅम माझाच, मार्चमधला.
तेव्हा ग्लेनिसने केक आणला होता.

आज अश्ताचा फोन, आवाज तुटत तुटत:
शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं
एका मुलाची कमी आलीत.
तोम म्हणजे काय, विचारलंस कधी कुणाला?
यांच्याकडे जुळ्याला म्हणतात.

तोम आणि तोमा.
तिच्या नावाचा काना
रांगेतल्या कुणाच्या तरी घाईत गळला,
आणि मुलगा की मुलगी, तो रकाना कोरा.

मी अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं केलं.
साधारण एवढाच दंड.
दुसऱ्या हाताने दुसरं केलं.
दोन्ही कडी धरून बसून राहिले,
टाइप करायला हात मोकळे नव्हते.

"किती झाली गं?" ग्लेनिसने कोट चढवत विचारलं.
चौदा हजार दोनशे सात.
उडवलेल्या ओळी अजून तीनशे अठरा आहेत.
हीटर पुन्हा बंद पडलाय.
पहिली ओळ उघडते.