सहावं तास

फैजपूरच्या पुढे, रस्ता सोडून आत वळलं की
माझं शेत. पश्चिमेच्या बांधावर निलगिरीच्या दोन रांगा.
मे महिन्यातलं वादळ आधी त्यांना भेटावं, मग केळीला,
एवढाच हिशेब होता.

बांधापलीकडून भिला नेहेते म्हणाला,
वहिनी, हे झाड लय पानी पेतं.
मी म्हटलं, पिऊ दे, उभं तर राहतंय.

पहिल्या वर्षी झाडांलगतच्या पट्ट्यात भुईमूग आला,
दुसऱ्या वर्षी हरभरा, कमरेला हात लावून बघावा असा.
तिसऱ्या वर्षी बांधाकडचं पहिलं तास उगवलंच नाही.
दुसऱ्यात घाटे पोचट.
तिसरं, चौथं, पाचवं, नुसता पाला.
सहाव्या तासापासून हरभरा हरभऱ्यासारखा.
मुलाच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं:
पाच तासं झाडाची.

भिलाच्या बाजूचं कोण लिहिणार?
मुळांना सातबारा वाचता येत नाही.
मीच मजूर लावून मांडीइतका चर खणला.
तुटलेल्या मुळांना वास नव्हता.
सर्दीच्या औषधाचा तो सगळा वास
वर, पानांत.
भिला चराच्या कडेला बसून बिडी ओढत राहिला,
बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला.

पाचव्या वर्षी पालकडून जुम्मा तडवी आला, दोन पोरं घेऊन.
जाड खोडं टनावर गेली, ट्रकमागे साल लोंबत.
बारीक दांडे मी ठेवले, तीनशे चाळीस,
सोललेले, ओले, उसासारखे गुळगुळीत.
आता प्रत्येक घडाखाली एक टेकू.
इतकी वर्षं पाणी पिऊन वाढलेलं लाकूड
पाण्यानंच जड झालेल्या केळीखाली
तिरकं उभं आहे.

पावसात बुंध्यांना कोंब फुटले,
एकेकाला सात-सात, तांबूस.
जुम्मा सांगून गेला होता, दोनच ठेव,
वाऱ्याच्या तोंडचे.
केळीची पिलं कापताना माझा हात थांबत नाही.
इथे विळा घेऊन
मी बराच वेळ वारा कुठून येतो ते बघत बसले.

दिवाळीनंतर हरभरा पेरला,
सहाव्या तासापासून.
मग ओटीत उरला होता मूठभर,
तो पाचव्यात.