बाराही पानांवर पाणी

पतसंस्थेच्या चेअरमननी बोलावून सांगितलं,
कॅलेंडर काढायचंय. राऊतवाडीचा धबधबा.
बारा महिने, बारा फोटो, जागा एकच.
मी म्हटलं, करू की.
गंगावेशीतल्या माझ्या स्टुडिओत
पासपोर्टचे चेहरे सरळ करता करता
माझीच मान एका अंगाला कलली होती.

जूनच्या आधीच जाऊन खडकावर
लाल ऑइलपेंटचे तीन ठिपके दिले,
ट्रायपॉडच्या तीन पायांना.

जुलैत ठिपके शेवाळाखाली गेले.
अंदाजानं उभा राहिलो.
कॅमेऱ्याला साखरेची पिशवी रबरबँडनं बांधलेली,
भोकातून लेन्स बाहेर,
तरी प्रत्येक फोटोत आधी काचेवरचा थेंब
आणि त्याच्या मागं, लाजल्यागत, धबधबा.
कडा दिसतच नव्हता.
ढगातून पांढरं काहीतरी पडत होतं,
शपथेवर एवढंच सांगता येईल.

कणसं भाजणारी यल्लूबाई
निळ्या ताडपत्रीखालनं म्हणाली,
"आवाज बी घे की त्यात."
मी हसलो.
राधानगरीपर्यंत हसू टिकलं,
पुढं घरापर्यंत नाही.

ऑगस्टचा फोटो सगळ्यांना आवडेल असा आला.
त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

गणपती गेल्यावर ऊन पडलं,
आणि पाण्याला पहिल्यांदा सावली आली.
तेरडा पार कड्याच्या ओठापर्यंत.
नोव्हेंबरात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या,
मला वाट देईनात. पोचलो तेव्हा
धार मनगटाएवढी.
शटर संथ ठेवलं की दूध, जलद ठेवलं की मीठ.
दोन्ही खोटं.
डोळ्याला दिसतं ते यांच्या मधलं कायतरी,
आणि ते कुठल्या आकड्यावर सापडतं
मला अजून कळलेलं नाही.

जानेवारीत शेवाळ वाळून पापुद्रे सुटले.
खाली माझे लाल ठिपके,
मी सोडले तसेच.
उगीच बरं वाटलं,
कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं.

मे.
मोटारसायकलच्या सीटवर बसवत नव्हतं.
कड्यावर पाण्याची वाट फक्त रंगानं उरलेली,
काळ्यावर राखाडी.
मी पहिल्यांदा धबधब्याची पाठ बघितली.
कपारी, मधाच्या पोळ्याचे डाग,
एका भेगेत उंबराचं पोर, वीतभर,
एवढ्या माऱ्याखाली ते तिथं
कधीपासून तग धरून होतं!

कुंडाच्या तळाला यल्लूबाई वाकलेली.
चपला गोळा करत होती.
पावसाळ्यात पाय घसरले की वाहून आलेल्या,
सगळ्या एकेकट्या.
खडकावर ओळीनं मांडून मोजल्या :
डाव्या सोळा, उजव्या तीन.
"पाणी बी डावखुरंच हाय बघ," म्हणाली.
मी तिचा फोटो काढला,
तिच्या मागं तो कोरडा, उंच, उघडा कडा.
वर्षभरातला तेवढा एक, जो काढताना
मी श्वास धरला नव्हता.

चेअरमन बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, "हे पान चालणार नाही.
ठेवींचे व्याजदर ह्याच्याच खाली छापायचेत."

प्रेसवाल्यानं युक्ती काढली :
ऑगस्ट उलटा करून मेच्या पानावर टाकला.
डावीकडचा कडा उजवीकडं गेला.
बाराही पानांवर पाणी,
तीन हजार प्रती, कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोरडा फोटो आता स्टुडिओत आहे.
गिऱ्हाइकाला म्हणतो, त्या डोंगराकडं बघा,
हनुवटी जरा खाली.
कुठला हो डोंगर, विचारतात.
राऊतवाडी म्हटलं की
मान हलते आणि पासपोर्ट बिघडतो.

पुढच्या जुलैत यल्लूबाईला कॅलेंडर नेऊन दिलं.
ओल्या बोटांनी तिनं पानं मागं उलटली,
मेवर थांबली.
"माझी ताडपत्री पल्याड कशी गेली?"
मी खरं काय ते सांगितलं.
तिनं कणीस फिरवलं, मीठ-लिंबू चोळलं,
धबधब्याकडं एकदा, पानाकडं एकदा बघितलं.

"मग औंदा," म्हणाली, "उजव्या गावतील."