सत्त्याहत्तर

एजी ऑफिसातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
तरी इंदापुरकर दार उघडताना माझ्या पिशवीकडे असं बघतात
जणू व्हाउचर जोडायचं राहिलंय.
"तुम्ही? मला वाटलं भाऊ येईल."
भाऊ दुकान बघतो, काका. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे असतो.

शिंदे की छावणीतली मे महिन्याची धूळ
कॅबिनेटच्या पंख्यावर गोधडीसारखी जमलेली.
ब्रशने खरवडली, ब्लोअरने गच्चीवर उडवली.
रॅमचे सोनेरी दात घासायला खोडरबर मागितलं,
तर लाल-निळ्या पेन्सिलीच्या जमान्यातलं,
झिजून सुपारीएवढं उरलेलं आणून दिलं. वर,
"परत द्या हं."

स्कॅनमध्ये अठ्ठ्याहत्तर सापडले.
"नावं सांगा." वही उघडलेली.
काका, चोरांची कसली नावं,
सगळे टोपणनावाने राहतात.
"तरी सांगा."
मग वाचत बसले: फुकट कुंडली, फुकट हवामान,
स्पीड वाढवून देतो म्हणत स्पीड खाणारा एक,
तीन टूलबार, एकमेकांच्या खांद्यावर चढलेले.
प्रत्येकापुढे त्यांची बरोबरची खूण.
"तारीख?"
शुक्रवार. शुक्रवार. हाही शुक्रवार, रात्री दहानंतर.
शुक्रवारी काय असतं, काका?
ते पेन्सिलीला टोक करत होते.
टोक चांगलं होतं.

मार्चनंतरचे मात्र सगळे
एक जानेवारी दोन हजार नऊमध्ये कोंबलेले.
हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

स्टार्टअपची यादी छाटली, टेम्प रिकामं केलं.
तळाशी एक उरला,
दुरून कुणाच्याही हातात माउस देणारा.
हा तर आधी काढते.
"तो राहू द्या."
काका, यातून कुणीही आत...
"कुणीही नाही. शलाका."

वही उलटी करून माझ्याकडे सरकवली.
मागच्या पानापासून, निळ्या पेन्सिलीत:
शनि. पहाटे ४.१०. आली. टूलबार काढले. २५ मि.
शनि. ४.०५. आली. फाइली ओळीत लावल्या.
शनि. ४.३०. आली. काही केलं नाही.
बाण मधोमध उभा. ४.४१ ला गेली.

"कॅलगरीत तेव्हा ऑफिस सुटतं.
तिला वाटतं मी झोपलेलो असतो.
मी इथे बसतो. दिवा लावत नाही.
माउसला हात लावत नाही."

पुढची नोंद मार्चची, लाल:
नाही.
नाही.
नाही. लाइन तपासली. नाही.
फोन केला होता का, काका?
"केला. म्हणाली, लागत नाहीये, बघते.
दुसऱ्यांदा कसं विचारायचं."

तेव्हा कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं.
लाइट गेली की हा दरवेळी सोळा-सतरा वर्षं मागे जातो, काका,
बोर्डावरचा सेल मेलाय.
मग दारावर कागद दाखवतात,
आणि कागदावरची तारीख याच्या हिशेबी अजून उजाडलेलीच नसते.
म्हणून आत घेत नाही.

ते थोडा वेळ गप्प.
"बरोबर आहे. तारीख चुकली
तर आम्हीही परत पाठवायचो."

सेल बसवला, रुपयाच्या नाण्याहून पातळ.
मेन स्विच पाडला. यूपीएस किंचाळून थकला.
पुन्हा चालू केलं: आजची तारीख,
दुपारचे चार वाजून सहा मिनिटं.
वार त्यांनी मोठ्याने वाचला.

आता हे अठ्ठ्याहत्तर कायमचे पुसते.
"एक सोडा."
कुठला?
"निरुपद्रवी बघा. पण काढायला
दहा-बारा मिनिटं लागतील असा."

खोडरबर परत दिलं.
पावती फाडली: सेल एक, तीस रुपये.
साफसफाई. व्हायरस काढले, सत्त्याहत्तर.
त्यांनी आकडा वहीशी ताडून पाहिला,
आणि सही केली.